अर्धवेळ काम म्हणजे लबाडी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या अपंगत्व-भत्त्यांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे प्रसिद्ध झालेल्या लेखात, ‘रोजगारास असमर्थ’ ठरून पूर्ण भत्ता घेणारे काही जण आठवड्यातून दोन-तीन दिवस कामावर जातात, या गोष्टीची संभावना सरळ सरकारी पैशाची लूट अशी करण्यात आली आहे. खोटे दावे करणारे कोणत्याही योजनेत असतात आणि त्यांची गय करण्याचे कारण नाही. मात्र अर्धवेळ काम करणारा माजी सैनिक या भत्त्यासाठी अर्जच करू शकत नाही, हे त्या लेखातले गृहीतक नियमाला धरून नाही.

अमेरिकेच्या संघीय नियमसंहितेतील ३८ व्या शीर्षकाचे कलम ४.१६ हा या योजनेचा आधार आहे. माजी सैनिक व्यवहार खाते, म्हणजे व्हीए, सेवेत जडलेल्या प्रत्येक व्याधीला तिच्या गंभीरतेनुसार अपंगत्वाचे टक्के देते. एकाच व्याधीचे किमान ६० टक्के असतील, किंवा अनेक व्याधींपैकी एक किमान ४० टक्क्यांची आणि एकत्रित प्रमाण किमान ७० टक्के असेल, तर कागदोपत्री १०० टक्के नसतानाही त्या माणसाला १०० टक्क्यांच्या दराने भत्ता मिळू शकतो. अट एवढीच, की या व्याधींमुळे त्याला पोटापुरते देणारा नियमित रोजगार टिकवता येत नसावा. एकाच अपघातातून आलेल्या दुखापती या हिशेबात एकच धरल्या जातात आणि टक्के कमी पडत असतील, तरी अपवादात्मक प्रकरणे वरिष्ठ पातळीवर पाठवण्याची तरतूद आहे. रकमेतला फरक मोठा आहे. २०२५ च्या दरांनुसार, अवलंबून असणारे कोणी नसलेल्या माजी सैनिकाला ७० टक्क्यांना महिन्याला सुमारे १,७५९ डॉलर मिळतात, तर १०० टक्क्यांना सुमारे ३,८३१ डॉलर.

कामाचा प्रश्न याच कलमात सोडवलेला आहे. ज्या कामातून वर्षाला मिळणारे उत्पन्न अमेरिकी जनगणना विभागाने एकट्या व्यक्तीसाठी ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या वर जात नाही, ते काम किरकोळ रोजगार समजावे आणि त्याला खराखुरा रोजगार मानू नये, असे नियम सांगतो. ही रेषा वर्षाला साधारण १६ हजार डॉलरच्या आसपास आहे. मोजायचे ते कष्टाचे उत्पन्न. पत्नीचा पगार, निवृत्तिवेतन किंवा खुद्द अपंगत्वाचा भत्ता त्यात धरला जात नाही. इथे तास मोजले जात नाहीत, हे लेखकाच्या लक्षात आलेले दिसत नाही. ताशी १५ डॉलरने आठवड्याला १८ तास राबणाऱ्याची वर्षाची कमाई १४,०४० डॉलर होते आणि तो रेषेच्या आत राहतो. तेवढेच तास ताशी २५ डॉलरने काम करणारा २३,४०० डॉलर कमावतो आणि रेषेबाहेर जातो. याउलट संघीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर गोठलेले आहे. त्या दराने वर्षभर आठवड्याला ४० तास, म्हणजे पूर्णवेळ, काम केले तरी हाती १५,०८० डॉलर पडतात, म्हणजे कमाई रेषेच्या आतच राहते. मी उपजीविकेसाठी इथे अमेरिकेत लोकांची करविवरणपत्रे भरून देतो, त्यामुळे हे आकडे मला रोज दिसतात, आणि दारिद्र्यरेषा ही काम करण्याच्या क्षमतेची मोजपट्टी म्हणून फार ओबडधोबड आहे, असे माझे मत झाले आहे.

उत्पन्न रेषेच्या वर गेले म्हणजे दावा संपला, असेही नाही. कौटुंबिक व्यवसाय किंवा संरक्षित कार्यशाळा यांसारख्या ठिकाणी, जिथे माणसाला सांभाळून घेतले जाते, तिथले काम उत्पन्न जास्त असूनही किरकोळ ठरू शकते. मेव्हण्याच्या दुकानात बसणारा, झटका आला की आतल्या खोलीत जाऊन पडणारा, चार दिवस फिरकला नाही तरी ज्याला कोणी जाब विचारत नाही, असा माणूस उद्या परक्या मालकाकडे आठवडाभर तरी टिकेल का, हा खरा प्रश्न असतो. दुर्दैवाने ‘संरक्षित वातावरण’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्या व्हीएने नियमात केलेली नाही. २०१७ मध्ये कँट्रेल प्रकरणात माजी सैनिकांच्या दाव्यांसाठीच्या अपील न्यायालयाने, निकष न सांगता असे दावे फेटाळता येणार नाहीत, अशा आशयाचा निर्णय दिला. नियमात मात्र व्याख्या अजून आलेली नाही. त्यामुळे सारखाच पुरावा दोन अधिकाऱ्यांसमोर गेला, तर दोन वेगळे निकाल येऊ शकतात. लूट शोधायला निघालेल्या लेखकाने या ढिलाईवर चार ओळी लिहिल्या असत्या, तर त्या उपयोगी पडल्या असत्या.

लपवाछपवीचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अशा लेखांमुळे होते असे, की खरोखर पात्र असलेला माणूस एकतर अर्जच करत नाही, किंवा अर्जात आपली अर्धवेळ नोकरी गाळतो आणि नसलेला गुन्हा स्वतःवर ओढवून घेतो. अर्जाच्या २१-८९४० या फॉर्मवर सध्याच्या कामाचे मासिक उत्पन्न, गेल्या बारा महिन्यांची कमाई, आजारपणात बुडालेले दिवस आणि शिक्षण हे सगळे विचारलेले असते. वेतनाच्या नोंदी सामाजिक सुरक्षा प्रशासनाकडे असतात आणि व्हीए त्यांच्याशी पडताळणी करते, त्यामुळे गाळलेली नोकरी उघडी पडल्यावाचून राहत नाही. मालकाकडून भरून घ्यायच्या २१-४१९२ या फॉर्मवर, वय किंवा अपंगत्व यांमुळे कर्मचाऱ्याला कोणत्या सवलती दिल्या, असा स्वतंत्र रकाना आहे. तो कोरा राहिला, तर अर्जदाराला सांभाळून घेतले जात होते, याचा सर्वांत थेट पुरावा हातचा जातो. तेव्हा मालकाला किंवा सहकाऱ्याला आधीच गाठून, काय काय सूट मिळते, हे स्वतंत्र निवेदनात लिहून घेणे शहाणपणाचे. डॉक्टरच्या पत्रातही नुसते ‘काम करू शकत नाही’ असे वाक्य पुरत नाही. किती वेळ बसता येते, लक्ष किती टिकते, महिन्यातले किती दिवस वाया जातात, हे त्यात यायला हवे. वाढते वय आणि सेवेशी संबंध नसलेले आजार या निर्णयात विचारात घेतले जात नाहीत, म्हणून डॉक्टरने कारणांची सरमिसळ केली तर अर्जदाराचेच नुकसान होते.

भत्ता मंजूर झाल्यावर एखाद्याने पुन्हा पूर्ण रोजगार धरून पाहिला, तर तेवढ्याच कारणावरून तो लगेच काढून घेतला जात नाही. तो रोजगार सलग बारा महिने टिकावा लागतो. काम करून पाहणाऱ्याला नियमाने दिलेली ही मुभा लेखात कुठेही आलेली नाही.

निवृत्तीच्या वयानंतर हा भत्ता बंद करावा, हा पर्याय अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने खर्चकपातीच्या याद्यांमध्ये मांडलेला आहे आणि २०१७ मध्ये तसा प्रस्ताव सरकारकडून येऊन विरोधामुळे मागेही घेतला गेला. त्यावर दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे बोलता येईल. पण ती चर्चा वयाची आहे. अर्धवेळ काम करणाऱ्यांच्या नीयतीशी तिचा संबंध नाही, आणि लेखात या दोन गोष्टी एकाच परिच्छेदात कोंबल्या आहेत.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले आणि भाचे-पुतणे अमेरिकेत स्थायिक आहेत, त्यांतले काही तिथल्या सैन्यातही गेले आहेत. अशा घरांत हा लेख वाचला गेला असेल, म्हणून किमान किरकोळ रोजगाराच्या तरतुदीपुरता खुलासा आपण छापावा, ही विनंती. अर्ज करण्याचा नुसता इरादा नोंदवून ठेवला, तरी पूर्ण अर्ज भरायला एक वर्ष मिळते आणि मंजुरी आल्यास थकबाकी सहसा त्या नोंदीच्या तारखेपासून धरली जाते, एवढेही त्यात आले तर बरे होईल.

आपला नम्र,
अमेरिकास्थित एक वाचक