सियागंजातल्या अनोळखी काकांना

ती. काकांना सा. न.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. इंदूरच्या सियागंजात एका हार्डवेअरच्या काउंटरवर मी छोटं रोटरी मशीन हातात घेऊन उभी होते. फोनवर आईशी किमतीची रड चालली होती. मागून तुम्ही विचारलंत, "मराठी ना? कापायचंय काय?" मी पिशवीतून बाणाची काडी काढली, जेमतेम ८ मिमी जाडीची. तिच्या मागच्या टोकाला धनुष्याची दोरी बसायची खाच पाडायची होती. "ह्याला मशीन? सुपारी फोडायला घण!" दुकानदार तुमच्याकडे कसा बघत होता, आठवतंय ना?

मशीन राहिलं आणि तुम्ही मला इंचाला २४ दातांची तीन एक्सा ब्लेडं घ्यायला लावलीत. तिन्ही एकाला एक लावून दात एका रेषेत ठेवायचे, टोकांच्या भोकांत बोल्ट आवळायचे, वर इन्सुलेशन टेप. एका ब्लेडची खाच दोरीला अरुंद पडते. ती चाकूने रुंद करताना माझ्या चार काड्या चिरल्या होत्या. तिन्ही ब्लेडांची मिळून दोरीच्या मापाची होते, तीही एका दमात.

पण खरी गोष्ट सांगितलीत ती चहाच्या टपरीवर. तोवर तुम्ही मला अगं-तुगं करायला लागला होतात. पाण्यात बोट बुडवून काडीच्या तोंडावर फिरवलंत, तशा लाकडाच्या बारीक रेषा उठून दिसल्या. कानावरची पेन्सिल काढून त्यांना बरोबर काटकोनात एक रेघ ओढलीत. "खाच इथे. रेषांच्या बाजूने कापलीस तर दोरी पाचरीसारखी घुसेल आणि काडी उभी फाटेल." माझ्या चारही काड्या का गेल्या ते तेव्हा कळलं. बरं तर बरं, त्या घरीच गेल्या. ओढलेल्या धनुष्यावर खाच फाटली की बाण राहतो बाजूला, सगळा जोर धनुष्याच्याच अंगात जातो.

घरी येऊन सेंटिमीटरभर खोल खाच पाडली. तळ गोल कानशीने घासला. भिंतींना पॉलिश पेपर लावला, जुन्या लग्नपत्रिकेच्या तुकड्यावर गुंडाळून. खाचेखाली शिवणाचा दोरा फेविकॉल लावून घट्ट गुंडाळला, हे मात्र माझ्या मनाचं. तुम्हाला आवडेल की नाही, सांगता येत नाही.

पहिल्या दोन खाचा सैल झाल्या, कारण टेप ढिला होता. तिसरा बाण दोरीला अडकवून खाली लोंबता सोडला तर तसाच राहिला. दोरीला बोटाने टिचकी मारली, तेव्हा पडला. खाच अशीच हवी असते, काका. आईला बोलावून तीनदा करून दाखवलं.

चहाचे पैसे तुम्ही देऊ दिले नाहीत आणि तुमची ती चपटी लाल पेन्सिल माझ्याच पिशवीत राहिली. शनिवारी टपरीवाल्याकडे ठेवून जाते. सोबत एक बाणही असेल, पाती काढलेला. खाच नीट बघा.

तुमची,
मशीनवाली