आधी सोफा पुढे ओढ

म्हार्दोळ, 12 मे

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, ताळगावच्या फ्लॅटमध्ये गाणं नीट लागत नाही, बास नुसता घुमतो, म्हणून 80 हजारांचा ॲम्प्लिफायर हप्त्यांवर घेते. पैसे तुझे, कष्टाचे. म्हणून गप्प राहिले. पण रात्री झोप लागेना.

बाय, हा दोष खोलीचा आहे. तुझी बैठकीची खोली चार मीटर लांब. तेवढ्या अंतरात 43 हर्ट्झच्या आसपासचा खर्ज समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकतो. भिंतीला टेकून बसलं की तो फुगून येतो, बरोबर मधोमध बसलं तर जवळजवळ नाहीसाच होतो. तुझा सोफा भिंतीला चिकटलेला, आणि स्पीकर दोन कोपऱ्यांत; कोपरा तर खर्ज आणखीच वाढवतो. तिथे दुप्पट वॉटचा ॲम्प्लिफायर लावलास तरी जास्तीत जास्त 3 डेसिबल वाढतील. घुमणं तेच राहील.

म्हणून आधी सोफा दोन फूट पुढे ओढ. स्पीकर कोपऱ्यांतून काढ, ट्वीटर, म्हणजे बारीक, उंच सुरांचा छोटा स्पीकर, बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असे ठेव, आणि दोघांमधलं अंतर तुझ्यापासूनच्या अंतराएवढं राख. एका वेळी एकच गोष्ट बदल, दर वेळी तेच गाणं लाव आणि काय ऐकू आलं ते वहीत लिही. लिहिलं नाहीस तर तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचं आठवणार नाही. मग मैत्रिणीला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांग. तुझ्या जागेवरून आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथे भिंतीवर गोधडी टांग. खर्जाला गोधडीने फरक पडायचा नाही, पण टाळी वाजवली की तुझ्या त्या लादी-काचेच्या खोलीत जो झणझणाट उठतो, तो पुष्कळ कमी होईल.

हे मी एवढ्या खात्रीने का सांगते? 1996 साली आम्ही पहिला स्टीरिओ घेतला तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. आवाज पातळ यायचा. स्पीकर लहान पडले असं धरून आम्ही दोन वर्षं मोठ्या स्पीकरसाठी पैसे साठवत होतो. मग चवथीच्या साफसफाईत कपाट सरकवलं, तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलट जोडलेली! एकाचा पडदा बाहेर येई तेव्हा दुसऱ्याचा आत जाई, आणि दोघे मिळून एकमेकांचा खर्ज खाऊन टाकत.

पाच मिनिटांत वायर बदलली आणि केसरबाई केरकरांची भैरवी लावली. आपल्याच फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई. हीच भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीवर अंतराळात गेली. जुनं ध्वनिमुद्रण ते, मोनो. दोन्ही स्पीकरमधून अगदी सारखाच आवाज येतो, त्यामुळे गाणारी व्यक्ती बरोबर मधे बसल्यासारखी वाटायला हवी. दोन वर्षं आम्ही तो आवाज खोलीभर विस्कटलेला ऐकला होता. त्या संध्याकाळी तो देव्हाऱ्यासमोर येऊन थांबला. तुझे बाबा उठून दोन स्पीकरांमधल्या रिकाम्या जागेपाशी गेले आणि तिथेच उभे राहिले.

साठवलेले पैसे वाचले, याचा आनंद झालाच. पण दोन वर्षं आम्ही नीट ऐकलं नाही, नुसतं काय परवडत नाही तेच मोजत बसलो, हे मला आजही लागतं. तुझं तसं होऊ नये.

तू हीच परीक्षा घे. कुठलंही जुनं मोनो गाणं लाव आणि डोळे मिटून आवाज कुठून येतो ते बघ. मधे नसेल तर आधी वायर तपास. तुमच्याकडे खारा वारा, टोकं काळी पडली असतील तर तेवढा भाग कापून नवीन तांबं सोल. स्पीकरांच्या स्टँडवर मात्र खर्च कर, ते हलता कामा नयेत. सुताराकडून करून घे, माप मी देईन.

महिनाभर हे करून बघ. मग ॲम्प्लिफायर हवासा वाटला, तर पहिल्या हप्त्यासाठी मी हातभार लावते.

जुन्या दोन गोधड्या उन्हात घातल्यात, पाऊस यायच्या आत. शनिवारच्या कदंब बसने घेऊन येते. आरसा तुझ्याकडे आहे ना?

तुझी,
आई