दहाच चौरस ठेवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

खरे तर हे आभार शिक्षकांच्या खोलीत दोन वाक्यांत मानता आले असते. पण क्षेत्रफळ शिकवताना माझी जी चूक तुम्ही फारसे न बोलता दुरुस्त केलीत, ती माझ्यासारख्या आणखी काही शिक्षकांकडून होत असावी असे वाटते, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

गेल्या वर्षी मी चौथीच्या वर्गात पहिल्याच तासाला फळ्यावर ‘लांबी गुणिले रुंदी’ असे लिहून दिले होते. उदाहरणे भराभर सुटली आणि मी निर्धास्त झाले. पुढे चाचणीत आयताच्या चारही बाजूंची मापे आकृतीत दाखवली, तर बऱ्याच मुलांनी त्या चारही संख्यांचा गुणाकार करून ठेवला. मुलांचे लक्ष नसते, असे म्हणून मी मोकळी झाले होते. तुम्ही मात्र त्या उत्तरपत्रिका शांतपणे चाळल्यात आणि एवढेच विचारलेत, की या मुलांनी एखादी जागा कधी झाकून पाहिली आहे का.

यंदा तुम्ही स्वतःचे मोकळे तास खर्चून माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसलात. चार-चार मुलांचे गट, प्रत्येक गटाला 60 सेंटीमीटर लांब व 40 सेंटीमीटर रुंद असे टेबल, आणि 10 सेंटीमीटर बाजू असलेले पुठ्ठ्याचे चौरस. टेबले सारखीच असूनही एका गटाचे उत्तर 24 आले, दुसऱ्याचे 27 आणि तिसऱ्याचे 21. बरोबर उत्तर सांगून टाकावे म्हणून मी तोंड उघडणार, तोच तुम्ही हातानेच थांबण्याची खूण केलीत. मग मुले एकमेकांच्या टेबलांवर तपासणीला गेली. दोन पुठ्ठ्यांमधल्या फटीत नख घालून एका मुलीने विचारले, “ही जागा कुणी मोजली?” पलीकडच्या टेबलावर चौरस एकमेकांवर चढलेले सापडले, म्हणजे तिथे तीच जागा दोनदा मोजली गेली होती. फट राहू नये आणि एकावर एक चढू नये, हे दोन्ही नियम मुलांनी स्वतःच फळ्यावर लिहिले. गोल झाकणांनी मोजू पाहणाऱ्या गटालाही तुम्ही अडवले नाहीत. कशीही मांडली तरी मध्ये जागा उरतेच, हे पाहून त्यांनीच ती बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रत्येक गटाकडचे चौरस काढून घेतलेत आणि फक्त दहा ठेवलेत. मला तो निव्वळ कंजूषपणा वाटला होता, हे आज कबूल करते. काही मुले तेच चौरस पुढे सरकवत खडूने खुणा करू लागली. एका गटाने मात्र लांब कडेला सहा चौरस मांडले, त्यातल्या पहिल्याखाली आखूड कडेने आणखी तीन मांडले आणि उरलेला एक हातात धरून सगळे रिकाम्या टेबलाकडे पाहत बसले. थोड्या वेळाने त्यातल्या एकाचे बोट हवेत ओळी ओढू लागले: सहा, बारा, अठरा, चोवीस. त्या क्षणी मला कळले, की आपण ज्याला लांबी आणि रुंदीचा गुणाकार म्हणतो, तो मुलासाठी एका ओळीतले चौरस आणि ओळींची संख्या यांचा गुणाकार असतो. पट्टी फक्त ओळीत किती चौरस मावतील ते आधीच सांगते. ‘मग पट्टीनेच मोजलं तरी चालेल की!’ हे वाक्य तिसऱ्या दिवशी वर्गातूनच आले, आणि सूत्र मी त्यानंतरच लिहिले.

परिमितीचा गोंधळही तुम्ही असाच हाताळलात. चौकटीच्या कागदावर, परिमिती 20 एकक असलेले आयत काढायला सांगितलेत. कडेची लांबी तीच, तर आतली जागाही तीच, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या मुलाने 5 बाय 5 मध्ये 25 चौकटी मोजल्या, 6 बाय 4 मध्ये 24 मोजल्या, आणि 9 बाय 1 मध्ये अवघ्या 9 भरल्यावर त्याने त्या पुन्हा मोजल्या. वर्तमानपत्रे चिकटवून केलेला एक चौरस मीटरही अजून वर्गात आहे. त्यात 100 चौरस सेंटीमीटर असतील, असे जवळजवळ साऱ्या वर्गाचे म्हणणे होते. प्रत्यक्षात आपले पुठ्ठेच 100 मावले, आणि एकेका पुठ्ठ्यात पुन्हा 100 चौरस सेंटीमीटर आहेत, हे ध्यानात आल्यावर 10,000 ही संख्या मुलांनी नुसती पाठ केली नाही, ती त्यांना पटली.

तुम्ही गेल्यानंतरची एक गोष्ट कळवायची राहिली. ती गोल झाकणे पुन्हा बाहेर निघाली. दोन मुलींनी एकच झाकण चौकटीच्या कागदावर आखले, पूर्ण चौकटी मोजल्या, अर्ध्याहून मोठे तुकडे धरले, लहान सोडले, तरी दोघींची उत्तरे दोन चौकटींनी वेगळी आली. या वेळी कोण चुकले यावर भांडण झाले नाही. दोघी माझ्याकडे आल्या आणि याहून बारीक चौकटींचा कागद मिळेल का, असे त्यांनी विचारले. माझ्याकडे तो नाही. तुमच्या कपाटात असल्यास चार-पाच कागद पाठवावेत, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
चौथीची वर्गशिक्षिका