डोक्याला मार बसून घरी परतलेल्यांसाठी आवाहन

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो,

डिचोलीच्या आपल्या वाड्यांवर दुचाकी अपघातात डोक्याला मार बसलेली, बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) उपचार घेऊन परतलेली माणसे आहेत. 108 रुग्णवाहिका वेळेवर आली, शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले. माणूस चालता-बोलता दिसला की लोक म्हणतात, ‘झाला की बरा!’ खरी ओढाताण तिथूनच सुरू होते.

आपल्यातले एक पायलट, म्हणजे भाड्याने मोटारसायकल चालवणारे, बांधव पाहा. मोटारसायकलवर सारा तालुका पालथा घातलेला माणूस, पण आज दुकानातून तीन जिन्नस आणायला सांगितले तर एकच घेऊन परततात आणि विचारले की चिडतात. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की राग आवरणे, कामाचा क्रम लावणे जड जाते. हे माहीत नसल्याने शेजारपाजाऱ्यांचे येणे-जाणे तुटते. गणेश चवथीला मात्र त्यांच्या मांडीवर घुमट हे तालवाद्य दिले तर ताल जराही चुकला नाही. हातात मुरलेले काम बहुधा टिकून राहते. दुसऱ्या आरतीला कलकलाट सोसेना, तेव्हा उठून अंगणात गेले. अशा वेळी जाऊ द्यावे, मागे लागू नये.

सुधारणा पहिल्या 6 महिन्यांत भराभर होते, पण पुढेही वर्षानुवर्षे हळूहळू होत राहते. म्हणून दर शनिवारी सकाळी मंडळाच्या सभागृहात त्यांच्यासाठी बैठक सुरू करत आहोत. फिजिओथेरपी आणि वाचा-उपचारांसाठी बांबोळीला जाण्या-येण्याचे गाडीभाडे घरच्यांना झेपत नाही, त्यासाठी देणगी हवी. बागायतदार, दुकानदारांनी सकाळचे दोन तास एकच ठरावीक काम द्यावे; सुपारी सोलणे, काजू निवडणे चालेल, शिडी आणि यंत्र नको. अपंगत्वाच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, पण डोक्याच्या दुखापतीचे वेगळे नाव नाही. त्यामुळे दाखला चालण्या-बोलण्यातल्या वा इतर अडचणीवरून मिळवावा लागतो. अर्ज भरायला, कार्यालयात सोबत जायला शिकलेली मुले-मुली पुढे आली तर फार मोठे काम होईल.

आणि एक विनंती, स्पष्टच लिहितो: हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत मित्रप्रेमाने ‘एकच घे’ म्हणू नका. अशा दुखापतीनंतर दारूने फिट येण्याचा धोका वाढतो.

नावे व देणग्या रोज संध्याकाळी 5 ते 7 मंडळाच्या कार्यालयात स्वीकारल्या जातील. रोख रकमेची पावती मागून घ्यावी.

— कार्यकारी मंडळ