आठवा उंडा

संपादक महोदय,

आपल्या पत्रांच्या सदरात शेजारच्या टीव्हीच्या आवाजाबद्दल अधूनमधून तक्रारी येतात. आमच्या गोव्यातल्या म्हार्दोळच्या वाड्यावरून कोणी तशी तक्रार केली असती, तर आरोपी मीच होतो. आमच्या घरातल्या सातच्या बातम्या नाक्यापर्यंत ऐकू जायच्या. त्यावर उपाय म्हणून मी टीव्हीला नऊ हजारांचा साउंडबार जोडला. यावरून माझ्या बुद्धीची कल्पना यावी.

कान तपासून घ्या, असा मुलीने सहा वर्षं धोशा लावला होता. मी म्हणायचो, मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता. ते अगदीच खोटं नव्हतं. वयोमानाने कान जातात तेव्हा आधी टिपेचे आवाज जातात. चवथीच्या आरतीत मला मातीच्या घुमटाचा ठोका ऐकू यायचा, कासाळ्याच्या झांजेची किणकिण नाही. बोलण्यातले स्वर पोचतात. स, त, फ ही व्यंजनं वाटेत गळतात. बायको सांगायची ‘सात उंडे घ्या’, मी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, आठ घ्यायचो. आठवा कावळ्याला.

शेवटी गेल्या वर्षी दोन्ही कानांची यंत्रं घेतली, ३८ हजारांना. पहिले पंधरा दिवस जीव नकोसा झाला. पेपराची घडी उलगडली की भजी तळल्यासारखा आवाज, वर स्वतःच्याच चपलांची फटफट. तपासणाऱ्या बाईंनी बजावलं होतं म्हणून टिकलो: आधी रोज दोन तास, मग चार, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे जातात. एका सकाळी ओटीवर बसलो असताना आतून खस्स खस्स ऐकू आलं. आदोळीवर नारळ खोवला जात होता. इतकी वर्षं घरातलं नारळाचं हुमण काय आपोआप होत होतं?

यंत्राचे लाड मात्र करावे लागतात. माझ्या सेलवरचा नारिंगी कागद सोलला की मिनिटभर हवा लागू द्यायची, मगच सेल यंत्रात घालायचा. एकदा सोलला की वापरा नाहीतर ठेवून द्या, तो उतरायला लागतो. पावसाळ्यातला दमटपणा यंत्राला सोसत नाही, म्हणून रात्री ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवतो. स्कूटरवर वारा कानात घोंघावतो, त्याला इलाज सापडलेला नाही.

पत्र लिहिण्याचं कारण वेगळंच. २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना चष्मा, कवळी, काठीबरोबर श्रवणयंत्रही फुकट मिळतं. पण कान गेलाय हे आधी कळायला तर हवं! मी ज्या आरोग्य शिबिरांना गेलो तिथे रक्तदाब, साखर, मोतीबिंदू सगळं पाहिलं. कानाला कोणी हात लावला नाही. पंचायतींनी पुढच्या शिबिरात कान तपासणारं माणूस बोलवावं आणि त्याला शाळेची एखादी बंद, शांत खोली द्यावी. मंडपात भाषणं चालू असताना हे काम होत नाही.

साउंडबार विकायचा आहे. त्याची जाहिरात रीतसर पैसे भरून देईन.

– एक निवृत्त शिक्षक, म्हार्दोळ