पोरांना माग काढायला शिकवा

सोलापूर,
कोजागरीनंतरचा रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही पोरं आठ दिवस तुमच्याकडे येतायत. परवा फोनवर बाबा म्हणाले, "आता आमच्याकडं शिकवण्यासारखं काय राहिलंय?" फोनवर एवढं सगळं बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहितेय. आई, बाबांना चष्मा लावून वाचायला सांग, नाहीतर तू मोठ्यानं वाच.

पोरांना माग काढायला शिकवा. आजोबांच्या वेळी घरात पोरगं दहा-बारा वर्षांचं झालं की त्याला काळविटाच्या शिकारीला न्यायचे. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बंदुकीचा विषय संपला, तो संपला हे बरंच झालं. काळवीट त्या कायद्याच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. मारणं तर सोडाच, फास लावणं, पकडणं, त्यासाठी हाकून नेणं, नुसता प्रयत्न करणंसुद्धा कायद्यात शिकारच धरतात. शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. हे पोरांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. पण शिकारीत बंदूक उडायची ती एक क्षणभर. बाकी सगळं काम वारा ओळखणं, खूर वाचणं, जनावर पुढे काय करणार ते आधी कळणं आणि बसून राहणं, हेच होतं. ते सगळं बाबांकडे आहे. पुस्तकातून ते येत नाही, कुणीतरी रानात नेऊन बोट दाखवावं लागतं.

सुरुवात वाऱ्यानं करा. पावसाळाभर वारा पश्चिमेकडून असतो, आता तो पूर्वेकडे, ईशान्येकडे फिरलाय. म्हणजे सकाळी आपल्या रानातून माळाकडे सरळ चालत गेलं तर आपला वास आपल्याआधी कळपापर्यंत पोचतो. चिमूटभर कोरडी माती खांद्याच्या उंचीवरून सोडायची, ती कुठे जाते ते बघायचं आणि ओढ्याच्या अंगानं वळसा घालून जायचं. अर्धा तास जास्त लागतो, तेवढा लागू द्या. उन्हं वर येऊन माळ तापला की वारा दिशा बदलत राहतो, म्हणून दहाच्या पुढे पोरांना उगीच पायपीट करायला लावू नका.

मग खूर. ओढ्यालगतच्या मऊ मातीत आधी शेळीचा खूर दाखवा आणि शेजारी काळविटाचा. दोन्हीत दोनच बोटं. शेळीचा पुढून बोथट, थोडा फाकलेला. काळविटाचा अरुंद, पुढे टोकाला निमुळता, जणू बदाम उभा चिरून दोन फाका जवळजवळ ठेवल्यात. निवांत चालताना फाका जुळलेल्या असतात. उधळलं की त्या फाकतात, टोकं खोल रुततात आणि मातीचा उडालेला फराटा मागच्या बाजूला दिसतो. माग ताजा की शिळा हे कडेवरून कळतं. ताज्या मागाची कड धारदार असते आणि आतली माती बाहेरच्यापेक्षा ओलसर, गडद दिसते. ऊन लागलं की कड सुटायला लागते आणि खुरात बारीक कण पडतात. पहाटेचं दव पडून गेल्यावर उठलेला खूर असेल तर भोवतीच्या ओलसर पापुद्र्यात तो मोडून उमटलेला दिसतो. दवाच्या आधीचा असेल तर पापुद्रा खुराच्या आतसुद्धा असतो. पोरांना गुडघ्यावर बसवून, सूर्याकडे तोंड करून हे बघायला लावा. सूर्य पाठीशी असला की खुरातली सावली नजरेला पडत नाही आणि माग असूनही दिसत नाही. शिकाऊ माणूस चुकतो तो इथेच.

माळावरच्या मुरमात खूर उमटत नाही. तिथे लेंड्या बघायच्या. नर आपल्या हद्दीत ठरावीक जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, त्याचा चांगला ढीग होतो. वरच्या काळ्या आणि चकचकीत असतील तर नर जवळपास आहे. सगळ्याच करड्या, भुसभुशीत असतील तर त्यानं जागा सोडलीय. त्याच भागात झुडपाच्या काड्यांच्या टोकाला काळसर चिकट डाग सापडेल. डोळ्यापुढच्या ग्रंथीतला तो स्राव, नर काडीवर घासून ठेवतो. आई, हा डाग तुझ्या नजरेला बाबांच्या आधी पडतो, म्हणून निदान एक दिवस तूही बरोबर जा.

जवळ जाताना वाकून, दबकत जाऊ देऊ नका. लांडगा तसा येतो, कळपाला ते बरोबर कळतं. ताठ चालायचं, तिरकं चालायचं, कळपाकडे रोखून न बघता. बैलगाडीला काळवीट फारसं भीत नाही. जुने शिकारी गाडीच्या आडूनच जवळ जायचे. कोल्हापूर संस्थानात काळविटावर सोडायचे चित्तेसुद्धा गाडीवरून नेत. तेव्हा गाडी जुंपता आली तर पोरांना गाडीतूनच दाखवा, बाबांचे गुडघेही वाचतील. दीडशे पावलांच्या आत जायची गरज नाही. आधी एखादी मादी मान वर करते, कान पुढे करते. तिथेच थांबायचं. ती पुन्हा चरायला लागली तर ठीक. पाय आपटला, बाकीच्यांच्याही माना वर आल्या तर मागे फिरायचं. एखादं उंच उडी मारून पळालं की समजायचं, आपण चुकलो. त्या दिवशी त्या कळपामागे परत जायचं नाही.

आणि पोरं हरीण म्हणतील तिथे एकदा फरक सांगा. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी झडतात आणि नवी येतात. काळविटाची जन्मभर तीच राहतात. पुऱ्या वाढलेल्या नराच्या शिंगाला तीन-चार पीळ असतात. तांबूस रंगाचा, सरळ सुळके आलेला दिसला तर तो कोवळा नर, मादी नव्हे.

आता रानाचं. शाळू वर आलाय, हरभरा पेरून होईल, म्हणजे कळपाची खरी ओढ याच दोन महिन्यांत. इथेही मागच उपयोगी पडतो. नुकसान दिसलं की काळविटाचं असं एकदम ठरवू नका, शेंडा हातात घेऊन बघा. काळविटाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ते पाला धरून ओढतं. म्हणून तुटलेलं टोक फाटकं, दोरे निघालेलं असतं. सशानं खाल्लेला शेंडा चाकूनं तिरपा छाटल्यासारखा स्वच्छ दिसतो. रानडुक्कर उकरतं, लोळवतं, खातं कमी आणि नासवतं जास्त. हे पंचनाम्याच्या वेळी नेमकं सांगता आलं पाहिजे. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे भरपाईचा अर्ज गेला पाहिजे. फोटो काढताना खुराशेजारी आपला हात ठेवून काढायचा, म्हणजे आकार कळतो. पंचनामा होईपर्यंत त्या पट्ट्यात कोळपं घालू नका, माग पुसला की पुरावा गेला. ई-पीक पाहणीत शाळू आणि हरभरा दोन्हींची नोंद झालीय का ते मी इथून मोबाईलवर बघते. नोंद नसली की अर्ज तिथेच अडकतो.

बांधाकडेनं कुंपण म्हणून करडईच्या चार ओळी घेतल्यात ते उत्तम, पण नुसत्या त्यावर विसंबू नका. करडईला काटा धरायला दीड-दोन महिने जातात. तोवर तिचा कोवळा पाला आपण जसा भाजीला खुडतो तसा कळपही आवडीनं खातो. बी भीमा या काटेरी वाणाचंच आहे ना, ते आठवून सांगा. बिनकाट्याच्या वाणाचं कुंपण होत नाही.

तोवर साड्या. माझ्याकडे सहा-सात जुन्या निघाल्यात, पोरांबरोबर पाठवते. दोन दोऱ्या बांधा, एक गुडघ्याच्या उंचीवर, दुसरी छातीच्या. काळवीट उडी मारू शकतं, तरी शेतात शिरताना मान घालून खालून जाणं पसंत करतं. खालची दोरी नसेल तर वरच्या साडीचा उपयोग नाही. साडी आख्खी ताणून लावू नका, पट्ट्या फाडून सुट्या सोडा, वाऱ्यानं हलल्या पाहिजेत. आठ-दहा दिवसांत कळप त्याला सरावतो, म्हणून दर आठवड्याला जागा बदला. बुजगावण्याचंही तेच. आणि मुख्य म्हणजे त्यांची नेहमीची वाट कुठून जाते ते मागावरून काढून ती वाट मोकळी ठेवा. ओढ्याकडून माळाला जायचा रस्ता आपण अडवला की कळप पिकातून रस्ता काढतो. वाटेच्या दोन्ही अंगाला साड्या लावल्या की तो बांधाकडेनं सरळ निघून जातो.

शेजारच्या रानात मोटारीच्या लाइनीवरून तारेत वीज सोडायचं कुणी सुचवेल. बाबा, त्याला ठाम नाही म्हणा. त्यात आधी माणूस मरतो, बैल मरतो, आणि गुन्हा आपल्यावर येतो. सौर कुंपण वेगळं. त्यात झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे जातं. पुढच्या वर्षी आपणही ते करू. त्यात दोन गोष्टी बिघडतात. तारेला गवत टेकलं की झटका मातीत जिरतो, म्हणून खालचं तण महिन्याला काढावं लागतं. आणि जानेवारीनंतर आपली काळी जमीन भेगाळली की अर्थिंगच्या सळईभोवती माती सुटते, तिथे आठवड्याला दोन घागरी पाणी ओतावं लागतं. खालची तार जमिनीपासून वीतभरच ठेवायची.

रात्री माळ्यावर राखणीला जाऊ नका, दोघांपैकी कुणीही नाही. गारठा पडायला लागलाय. कळप येतो तो बहुतेक तिन्हीसांजेला आणि पहाटे. तेवढ्या दोन वेळा बांधावर उभं राहून हाळी दिली तरी पुष्कळ.

खालच्या विहिरीचं मनाला लागून राहिलंय. कठडा नाही आणि कडेला गवत माजलंय. अंधारात कुत्री मागे लागली की काळवीट पळता पळता थेट आत पडतं. गवंड्याशी मी बोललेय. कमरेएवढा कठडा दोन दिवसांचं काम आहे. तोवर बाभळीच्या फांद्या भोवती दाट लावा. शेततळ्यात तर पडलं की निघतच नाही, प्लास्टिकवर खूर घसरतात. दोन कोपऱ्यांतून जाड दोराची जाळी किंवा पोत्यांची माळ पाण्यापर्यंत सोडून ठेवा, वरचं टोक खुंटीला घट्ट. पोरांकडून हेच काम करून घ्या, त्यांना आवडेल.

गवतात पाडस एकटं सापडलं तर उचलायचं नाही, हे त्यांना दहादा सांगा. आई सोडून गेली असं लोकांना वाटतं. आई लांब चरत असते, दूध पाजायला परत येते. पाडस निपचित पडून राहतं, तोच त्याचा बचाव. हात लावू नये, भोवती गर्दी करू नये, मोती बरोबर असेल तर त्याला आधी साखळी. खरंच जखमी असेल तर 1926 वर वनखात्याला फोन. ते येईपर्यंत डोळ्यांवर सुती फडकं टाकून सावलीत शांत ठेवायचं. तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. मोठं काळवीट तर धरायला धावूच नये. पाठलागानं आणि भीतीनं त्याचे स्नायू आतून बिघडतात. वरून एक ओरखडा नसताना ते तासाभरानं किंवा दुसऱ्या दिवशी मरतं. पोरांना हे नीट समजावून सांगा, दया म्हणून धरलेलं जनावर सगळ्यात जास्त असंच जातं.

एक राहिलं. गावात अजून काही जुन्या घरांत शिंगं टांगलेली आहेत. प्रमाणपत्र नसेल तर ती घरात ठेवणं गुन्हा आहे. प्रमाणपत्र आहे पण शिंगं ठेवायची नाहीत, त्यांना 2022 च्या दुरुस्तीनंतर ती आपणहून वनखात्याकडे जमा करता येतात. मोबदला मिळत नाही, पण डोक्याचा ताप जातो. ज्यांच्याकडे असतील त्यांना बाबांनी आडपडदा न ठेवता सांगावं, तुमचं ऐकतील.

पोरांकडे आठ पटीची दुर्बीण देतेय, 8×40. दहा पटीची हातात हलते, लहानांना जमत नाही. कपडे मातकट रंगाचे घातलेत, पांढरा सदरा एकही नाही. शनिवारी सकाळच्या बार्शी गाडीनं येतील, फाट्यावर नऊपर्यंत या. गुडघ्याचं तेल साड्यांच्या गाठोड्यात ठेवलंय, वरच्या बाजूला.

माळावर जाताना बाबांनी काठी घ्यावी आणि पोरांच्या पुढे चालावं, मागे नको. पुढच्या माणसाची पावलं बघूनच त्यांना कुठे पाय टाकायचा ते कळेल.

तुमची,
शैला