सुध्या, तिच्याशी तूच बोल

नौपाडा, ठाणे

प्रिय सुध्या,

आइसलँडहून परत येऊन आठवडा झाला. माझी शुगर आटोक्यात आहे, शुभाची पाठ तशीच. नान्याला हे सांगण्यात अर्थ नाही, तो लगेच ज्योतिषाचा नंबर देईल. म्हणून तुला लिहितोय.

आमच्या ईराने आम्हाला जूपालोनसांदुरच्या किनाऱ्यावर नेलं. रेक्याविकपासून गाडीने अडीच-तीन तास, स्नायफेल्सनेस द्वीपकल्पाच्या पार टोकाला. वाटेत गाव संपतं, मग झाड दिसत नाही, उरतो तो शेवाळलेला लाव्हा. दोन काळ्या भिंतींमधून वाट खाली उतरते आणि समोर पुळण, पण वाळूची नव्हे, काळ्या गोट्यांची. लाटेने घासून इतके गुळगुळीत की ओले झाले की जांभळासारखे चमकतात. लाट मागे सरते तेव्हा सगळा किनारा खडखडत समुद्राकडे ओढला जातो. पाण्याला पाय लावायचा नाही, लाट माणसाला आत खेचते. ईरा म्हणाली, आपल्या मुंब्र्याच्या डोंगराचा आणि हा, जातीने एकच दगड, बेसाल्ट. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, तर आइसलँडचा जुन्यात जुना खडकही दीड-पावणेदोन कोटींचा. तुझ्यासाठी गोटा आणला नाही, उचलायला बंदी आहे. तेव्हा यंदा तुझ्या शोकेसमध्ये भर नाही!

त्या गोट्यांवर गंजलेलं लोखंड पसरलंय. वाकलेले पत्रे, रिबिटांची भोकं, कडा हाताने चुरतील अशा. इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीची ‘एपिन’ नावाची मासेमारी बोट १३ मार्च १९४८ ला इथे फुटली. १४ खलाशी गेले, ५ वाचले. ज्या पाण्यात उतरायची माझी छाती झाली नाही, त्याच्या तोंडाशी आसपासच्या गावांतली माणसं जाऊन उभी राहिली आणि त्या पाचांना बाहेर काढलं. ते तुकडे मेलेल्यांच्या आठवणीसाठी तसेच ठेवलेत.

वर चार दगड आहेत, २३, ५४, १०० आणि १५४ किलोंचे. कोळी त्यांवर ताकद अजमावत. ५४ चा उचलता आला नाही तर नावेवर घेत नसत. ईराने तो पोटाशी धरून उचलला, खाली ठेवला आणि हात झटकत म्हणाली, “बाबा, मी रेस्क्यू टीममध्ये नाव दिलंय.”

तिथे डोंगरात, समुद्रात अडकलेल्यांना काढायला स्वयंसेवकच जातात. शिक्षक, सुतार, विद्यार्थी. हिमवादळातसुद्धा. शुभा पायाखाली बघत राहिली. मी “छान” म्हणालो. तेव्हापासून रात्री झोप नाही. कुठे वादळाची बातमी आली की आधी फोन हातात घेतो.

सुध्या, माळशेजची ती रात्र आठव. पाऊस थांबत नव्हता, पोलीस उजाडायची वाट बघा म्हणत होते आणि तू दोर बांधून त्या पोराला काढायला उतरलास. वर दोर माझ्या हातात होता. तुला कधी कळलंच नाही की खाली उतरणाऱ्याला काम असतं, वरच्याला फक्त दोर असतो. तू वर आलास आणि मी तुला नाही नाही ते बोललो. पुढे किती दिवस आपण तलावपाळीवर एकमेकांना टाळलं! माझं तेव्हा बरोबर होतं असं मला आजही वाटतं. आणि तो पोरगा जिवंत आहे, त्याचं लग्न झालं, त्याला आपण जेवायला गेलो, हेही खरं. आता दोर माझ्या हातातसुद्धा नाही. तिला ‘जाऊ नकोस’ म्हणणार नाही. म्हणायचा हक्क मला आहे असं वाटत नाही, आणि मनातून इतका अभिमान वाटतो की तो कुणाला सांगवत नाही.

तू तिच्याशी बोल. माझं ऐकताना ती समजूत घालते, तुझं ऐकताना प्रश्न विचारेल. बोलाइनची गाठ ओल्या दोरावर कशी तपासायची, कुठे मागे फिरायचं, थकलोय हे पथकाला कसं सांगायचं, सगळं सांग. तू त्या रात्री खाली किती घाबरला होतास तेही सांग. मला कधी सांगितलं नाहीस, तिला सांग. मी लिहिलंय म्हणून कळलं तरी चालेल.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? वहिनींना नमस्कार. चिनूच्या नोकरीचं कळव.

तुझा,
विन्या